काय पाहिजे ते नंतर, आधी काल संध्याकाळी कुठं बसला होता ते सांगा

प्रश्न असा आला आहे: "उचगाव बाजूला आमची ३० बाय ४० ची साइट आहे. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई, दोन मुलं. वर्षभर यादी करतोय, तीनदा फाडली. यांना मोठा हॉल पाहिजे, मला मॉड्युलर किचन, सासूबाई म्हणतात मला काय नको, एक कोपरा दिला की झालं. मागच्या आठवड्यात इंजिनिअरनी विचारलं, 'वहिनी, तुम्हाला नेमकं काय हवंय?' आणि मला उत्तरच देता येईना. स्वतःला काय हवंय हे स्वतःलाच न कळणं ही आमच्यातच काही खोट आहे, की सगळ्यांचं असंच असतं?"

ताई, सगळ्यांचं असंच असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी २७ वर्षं घरांचे नकाशे काढतोय. 'नेमकं काय हवंय' याला पहिल्या भेटीत बरोबर उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. खोटं कोणी बोलत नाही. मनापासून सांगतात, रात्र रात्र बसून याद्या करतात, कर्ज काढून ते बांधतात, आणि मग राहतात दुसरीकडंच. उलट तुम्हाला उत्तर देता आलं नाही, हे मला चांगलं लक्षण वाटतं. यादी तीनदा फाडली याचा अर्थ ती आपली नाही एवढं तरी तुम्हाला जाणवलंय.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदारांचं घर केलं होतं. शिस्तीचा माणूस, यादी टाइप करून आणलेली. पहिलीच ओळ: हॉल दोन मजले उंच, मधोमध झुंबर. "आत आलेल्या माणसानं मान वर करून बघायला पाहिजे," म्हणाले. तसं केलं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकानं मान वर करून बघितलंही. दोन वर्षांनी त्या बाजूला काम निघालं म्हणून सहज गेलो, तर पुढचं दार बंद. माणसांचा आवाज मागून येत होता. परड्यात, उरलेले पत्रे घालून एक शेड उभी केलेली, तिथं अंघोळीच्या पाण्याची चूल, आणि चुलीभोवती सगळं घर. सुभेदार पाटावर बसून चहा पीत होते, सूनबाई शेंगा फोडत होत्या, नातू चुलीत काटक्या सारत होता. हॉल उघडतो तो गणपतीला, नाहीतर पाहुणे आले की.

त्या शेडची एक रेघही माझ्या नकाशात नव्हती. मला जास्त लागलं ते वेगळंच. जुनं घर पाडायच्या आधी मी जागा बघायला गेलो होतो, तेव्हा मला चहा दिला होता तो परड्यातल्या चुलीपाशीच. म्हणजे उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, माझ्याही. दोघांपैकी एकालाही ते यादीत घालायचं सुचलं नाही. रोजचं होतं, फुकट होतं, कुणाच्या घरी जाऊन बघून आलेलं नव्हतं, म्हणून ते 'पाहिजे' या सदरात बसलंच नाही.

आपला 'पाहिजे' हा शब्द बघा. तो 'पाहणे' या धातूचं जुनं कर्मणी रूप आहे. जे बघितलं जातं, शोधलं जातं, ते पाहिजे. शब्दाचा उगम म्हणजे पुरावा नव्हे, मला ठाऊक आहे, पण माझ्या टेबलापलीकडे बसलेली माणसं मी इतकी वर्षं ऐकतोय आणि मला तो शब्द फार खरा वाटतो. टिळकवाडीतल्या मेहुण्याच्या घरी जे बघितलं ते पाहिजे. मोबाइलवर जे बघितलं ते पाहिजे. आणि आपल्याकडं गरज आणि इच्छा यांची रोजच्या बोलण्यात फारकत होतच नाही. "पाणी पाहिजे" आणि "झुंबर पाहिजे" यांना शब्द एकच. आमच्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींचंही तेच, 'बेकु' म्हटलं की दोन्ही आलं. त्यामुळं यादीत न्हाणीचा उतार आणि फॉल्स सीलिंग एकाच रांगेत, एकाच शाईत उतरतात. त्यातलं काय जगायला लागतं आणि काय दाखवायला, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

हे फक्त आपल्या भागातलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात बसून, दर दहा मिनिटांनी घरातला कोण कुठं आहे, काय करतोय, याची नोंद केली. लोकांनी हौसेनं केलेली मागची अंगणं बहुतेक वेळ ओस. घराचा सगळा जीव स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेल्या जेवणाच्या जागेत. आणि गाडीसाठी बांधलेल्या गॅरेजांपैकी तीन चतुर्थांशांत सामान इतकं भरलेलं, की गाडी आत जाईना. हे वाचलं तेव्हा मला आपले सुभेदारच आठवले. देश वेगळा, पैसा वेगळा, चूक तीच. बांधताना जी आयुष्यं डोळ्यांसमोर होती ती त्या माणसांची नव्हतीच.

का होतं असं? माझ्या अनुभवात याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे, घराची कल्पना करताना माणूस सणाचा दिवस कल्पतो. वास्तुशांती, मुलीला बघायला आलेली मंडळी, गौरी-गणपती. मंगळवारची सकाळ कुणीच कल्पत नाही. पावणेआठला दोन डबे, एक मोजा सापडत नाही, नळाला पाणी आलंय आणि सासूबाईंना न्हाणीत जायचंय. असे मंगळवार वर्षात तीनशे असतात, सण बोटावर मोजण्याइतके. आणि सणाच्या दिवशी माणसं दाटीवाटीनंच बसतात, त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

दुसरं म्हणजे नवेपण विरतं. ग्रॅनाइट कितीही चकचकीत घ्या, सहा महिन्यांत डोळ्याला दिसायचा थांबतो. पण रोज टोचणारी गोष्ट रोज टोचते, तिची सवय होत नाही. आपल्या पट्ट्यात ती गोष्ट कुठली, सांगू? ओले कपडे. जून ते सप्टेंबर, त्यातून जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. हॉलमध्ये दोऱ्या, फॅनखाली खुर्च्यांवर शर्ट, घरभर कुबट वास, त्यावरून रोजची चिडचिड. २७ वर्षांत एकाही यादीत 'पावसात कपडे वाळवायची जागा' ही ओळ मी वाचलेली नाही. एकाही. चार फूट रुंदीची, वर छप्पर आणि दोन बाजूंनी जाळी असलेली पडवी काढून दिली, तर लोक आधी म्हणतात जागा वाया गेली. पहिला पावसाळा गेला की फोन येतो. आता मी ती न विचारता काढतो.

तिसरं कारण मला पुस्तकातून कळलं, पण कळल्यावर रोज दिसायला लागलं. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. दुकानात टेबलावर चार नायलॉनचे मोजे ओळीनं मांडले आणि लोकांना विचारलं, यातला चांगला कुठला? चारही अगदी एकसारखे होते. लोकांनी सगळ्यात जास्त वेळा उजव्या टोकाचा निवडला. का, असं विचारलं तर विणीबद्दल बोलले, पोताबद्दल बोलले. 'जागेमुळं निवडलात का?' असं सरळ विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी ते झिडकारलं. बेळगावच्या शहापुरात साडी घ्यायला गेलेल्या कुठल्याही माणसानं हे अनुभवलेलं असतं. निवड आधी होऊन जाते, काठापदराची कारणं मागून येतात, आणि ती आपल्याला आधीपासूनच माहीत होती असं वाटत राहतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला 'का' हे विचारणं जवळजवळ सोडून दिलंय. 'का'ला उत्तर नेहमी मिळतं आणि ते नेहमी पटण्यासारखं असतं.

त्याऐवजी मी विचारतो: काल संध्याकाळी सहाला तुम्ही कुठं होता? पाय कशावर होते? चप्पल कुठं काढली होती? मोबाइल कुठं चार्ज होतोय? भांडण झालं की कोण कुठं जाऊन बसतं? या प्रश्नांत मत सांगायला वावच नाही. आठवून सांगायचं, बस. निपाणीच्या एका घरात ही पद्धत मला पहिल्यांदा नीट कळली. घरातल्या बाई विड्या वळायच्या. मुलगा कमावता झाला, त्याला वाटलं आई इतकी वर्षं उंबऱ्यात बसून पाठ मोडून घेतेय, तिच्यासाठी आत वेगळी खोली करू. आईलाही वाटलं, बरं होईल. दोघांनी मला तसंच सांगितलं. मी एक दुपारभर त्यांच्या दारात बसून राहिलो. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, उजेड रस्त्याकडनं येणारा, समोरच्या उंबऱ्यात दुसरी बाई, पलीकडं तिसरी. हात चालू, तोंड चालू. तीन तासांत गल्लीतली सगळी सुखदुःखं या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर गेली. आतल्या खोलीत तिला उजेड मिळाला असता ट्यूबलाइटचा, आणि बोलायला भिंत. मी खोली रद्द केली आणि पुढचा कट्टा दोन फूट रुंद केला, पाठीला टेकायला उतरती भिंत दिली, वर पत्रा पुढं काढला. ती अजून तिथं बसते. तिची गरज पाठीला टेकू मिळण्याची होती, आत जाण्याची नव्हती. तिलाही हे तोवर वेगळं करून बघता आलं नव्हतं.

इथवर वाचून वाटेल की माणसाचं तोंड बंद करावं आणि नुसतं बघावं. मलाही काही वर्षं तसंच वाटायचं, आणि त्यातूनच माझी सगळ्यात मोठी चूक झाली.

वडगावात मागाच्या घरात आयुष्य काढलेल्या एका बाईंचं काम होतं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गोव्याला. त्यांना एकटीसाठी लहान घर बांधायचं होतं. म्हणाल्या, मला झोपायची खोली वेगळी पाहिजे, दार पाहिजे आणि दाराला आतून कडी पाहिजे. मी माझ्या पद्धतीनं बघत गेलो. बाई दिवसभर पुढच्या सोप्यात, दार सताड उघडं, येणारं-जाणारं माणूस हाक मारून जातंय. रात्रीही तिथंच अंथरूण. मला वाटलं, एकटीच्या घरात खोलीला दार कशाला, कुणीतरी सांगितलं असेल म्हणून मागतायत. जागा कमी होती. मी एक कोनाड्यासारखी झोपायची जागा काढली, पडदा दिला, आणि त्यांना पटवलं. त्या हो म्हणाल्या. सर सांगतायत म्हटल्यावर आपल्याकडची बाई हो म्हणते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दीड वर्षानं भेटल्या. तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता म्हणाल्या, "त्या घरात बत्तीस वर्सं काढली बगा. आतनं कडी लावायची खोली एकच होती. न्हाणी." आणखी काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या सवयी बघितल्या होत्या, पण त्या सवयी घडल्या होत्या कडी नसलेल्या घरात. जी गोष्ट माणसाला कधी मिळालीच नाही तिचा माग त्याच्या रोजच्या वागण्यात कसा सापडणार? स्वतःच्या खर्चानं दार बसवून दिलं मी नंतर. पण जी वर्षं गेली ती गेली.

म्हणून आता दोन्ही करतो. सवयी बघतो, आणि जे वाक्य माणूस एकदाच, हळू आवाजात, कारण न देता बोलतो ते वहीत वेगळं लिहून ठेवतो. मोठ्यानं आणि कारणांसकट मागितलेलं बहुधा बघून आलेलं असतं. हळू मागितलेलं बहुधा स्वतःचं असतं. हा काही नियम नाही, पण मला याचा उपयोग फार झालाय.

मुलांच्या खोल्यांबद्दलही मी आता सबुरीनं घेतो. आपल्या गावागावांत स्लॅबवर गज आभाळाकडं तोंड करून उभे आहेत, वरचा मजला पोरासाठी म्हणून. पोरगा पुण्याला किंवा बेंगळुरूला. असे 'पुढं बघू'चे दरवाजे उघडे ठेवले की बरं वाटेल असा माणसाचा होरा असतो. हार्वर्डमधल्या डॅनियल गिल्बर्ट यांनी जेन एबर्ट यांच्यासोबत २००२ साली छापलेला एक प्रयोग याबद्दलच आहे. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा होता. काहींना नंतर बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा नसलेल्यांना आपला फोटो पुढं जास्त आवडला. आधी विचारलं तर मात्र बहुतेकांना मुभाच हवी होती. घरातही हे होतं. तात्पुरतं म्हणून ठेवलेल्या घरावर जीव जडत नाही, आणि रंगही लावला जात नाही.

तरी एका बापानं मला गप्प केलं. कुद्रेमनीकडचे शेतकरी. वरच्या खोलीचा खर्च मांडून मी विचारलं, तो परत आला नाही तर या खोलीचं काय करायचं? ते म्हणाले, "रिकामीच असू दे की सर. रोज झाडून घेताना तरी येणार हाय असं वाटतंय." त्यांना काय हवंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मी खोली काढली आणि पूर्वेकडं खिडकी दिली, झाडताना उजेड असावा म्हणून.

आता तुमच्याबद्दल. ३० बाय ४० म्हणजे १२०० चौरस फूट, गुंठ्याहून थोडी जास्त. चारी बाजू सोडल्या की तळाला आठ-साडेआठशे फूट हातात राहतील. यांचा १४ बाय १८ चा हॉल त्यातले अडीचशे खाईल. तो चूक आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. घरी आलेल्यासमोर मान ताठ असणं हीसुद्धा गरज असते, आणि ती हसण्यावारी नेली की माणूस दुखावतो. पण यांना विचारा की गेल्या महिन्यात पाचांपेक्षा जास्त माणसं घरी एकत्र किती वेळा बसली. आकडा कागदावर लिहा. बोलू नका, नुसता लिहा.

यादी पंधरा दिवस बाजूला ठेवा. सध्याच्या घरात कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन वेळा मांडा: सकाळी साडेसात, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. त्या वेळी पाचही माणसं कुठं आहेत एवढंच लिहायचं. मुलांना हे काम द्या, ती चोख करतात. सोबत आणखी एक रकाना ठेवा, 'आज कशावरून चिडचिड झाली'. तुमच्या मॉड्युलर किचनचा निकाल त्या रकान्यात लागेल. चिडचिड ड्रॉवरवरून होतेय, की एकटीनं भिंतीकडं तोंड करून पोळ्या लाटाव्या लागतात आणि बाकीचे बाहेर हसतात यावरून, ते तिथं दिसेल. दुसरं असेल तर ओट्याची दिशा बदलली तरी काम होतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मग नकाशा झाला की पाया खणायच्या आधी गवंड्याला सांगून साइटवर फक्की मारून घ्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं रेघा आखून घ्या, खोल्यांसकट. थर्मास घेऊन सगळे जा. फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहा, फक्कीच्या हॉलमध्ये यांना बसवा, हाक मारून बघा. एकदा सकाळी जा, एकदा दिवेलागणीला. मुलं कुठं जाऊन बसतात ते बघून ठेवा.

आणि सासूबाई. यादीत त्यांची ओळ कोरी आहे, म्हणून मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. 'मला काय नको' हे इतक्या वर्षांत पाठ झालेलं उत्तर असतं. घरात कुणी नसताना, निवडायला भाजी घेऊन त्यांच्याजवळ बसा. घराचा विषय काढू नका. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाचं घर कसं होतं ते विचारा: झोपायच्या कुठं, दुपारी टेकायच्या कुठं, रडायला कुठं जायच्या. मध्येच काही हळू बोलल्या तर लगेच 'बरं करू हं' म्हणू नका, ऐकून घ्या. त्या काय बोलल्या ते, कॅलेंडरचे पंधरा दिवस, आणि साइटचं तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढं मला कळवा. मग हॉल किती फुटांचा ते बसून ठरवू.